श्रमाचे मोजमाप

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी हे एक लहानसे गाव आहे. हा मुलूख पर्जन्यछायेचा. येथे पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरची माती वाहून जावी, विहिरींनी लवकरच तळ गाठावा आणि उन्हाळ्यात बायकांनी डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करावी, अशी एके काळी या गावाची स्थिती होती. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे आपल्या या गावी परतले. त्यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी संत यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि नंतर पाण्याच्या कामाला हात घातला. गावात एक पाझर तलाव होता. परंतु त्यात पाणी ठरत नसे. गावकऱ्यांनी श्रमदान करून त्याचा बांध दुरुस्त केला. तेव्हा तलावाच्या खालच्या अंगास असलेल्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी दिसू लागले. पुढे उतारांवर चर खणले गेले, ओढ्यांवर बांध घातले गेले, झाडे लावली गेली, आणि या गावाचे नाव देशभर झाले.

श्रमदान हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. धान्य देणाऱ्याचे दान पायलीने मोजता येते. पैसा देणाऱ्याचे दान रुपयांत सांगता येते. परंतु ज्याने सकाळभर कुदळ चालविली, किंवा जिने दिवसभर मातीची घमेली वाहिली, त्यांनी नेमके काय दिले? ते कोठून आले? आणि त्याचे मोजमाप करता येईल काय?

मातीकामाचे एक मोजमाप आपल्याकडे फार वर्षांपासून रूढ आहे. खणलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून किती माती निघाली ते ठरवितात. शंभर घनफूट मातीला एक ब्रास म्हणतात. हे माप सोपे आणि उपयोगी आहे. तथापि ते खड्ड्याचे माप आहे, खणणाऱ्याचे नव्हे. एकाने भुसभुशीत जमिनीत खड्डा खणला आणि दुसऱ्याने कठीण मुरमात तेवढाच खड्डा खणला, तर टेपाने घेतलेले माप दोघांचे सारखेच भरेल. श्रम मात्र सारखे असणार नाहीत. जमिनीत काय घडले ते खड्डा सांगतो. शरीरात काय घडले हे जाणून घ्यावयाचे असेल, तर दुसरेच माप हाती घ्यावे लागते. त्या मापाला उष्मांक असे नाव आहे. इंग्रजीतून आलेला कॅलरी हा शब्दही आपल्या परिचयाचा आहे.

चुलीवर एक लिटर पाणी ठेवले आणि ते एक अंश सेल्सिअसने तापले, म्हणजे त्या पाण्याला जेवढी उष्णता मिळाली, तेवढी उष्णता म्हणजे एक उष्मांक. काटेकोरपणे बोलावयाचे तर हा मोठा उष्मांक, म्हणजे किलोकॅलरी होय. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापविणारी लहान कॅलरी याच्या हजाराव्या हिश्शाची असते. आहार आणि व्यायाम यांविषयी बोलताना हा मोठा उष्मांकच अभिप्रेत असतो आणि या पाठातही तोच घेतला आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सव्वातीनशे ते साडेतीनशे उष्मांक असतात. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली, तर तीत सुमारे २०० उष्मांक साठविलेले असतात.

चुलीवरच्या पाण्याचा आणि भाकरीचा, आणि भाकरीचा आणि कुदळीचा संबंध काय, असे कोणासही वाटेल. हा संबंध प्रथम स्पष्टपणे दाखविला तो फ्रान्समधील लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने. १७८० नंतरच्या काही वर्षांत लाप्लास या गणितज्ञाच्या मदतीने त्याने एक प्रयोग केला. गिनीपिग नावाचा लहानसा प्राणी त्याने बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले हे त्याने मोजले आणि प्राण्याच्या उच्छ्वासातून किती कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला हेही पाहिले. मग तेवढाच वायू निर्माण होईल इतका कोळसा जाळला असता किती बर्फ वितळते, याच्याशी त्याने तुलना केली. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. चुलीत लाकूड जळते, दिव्यात तेल जळते आणि शरीरात अन्न जळते. ज्योत दिसत नाही एवढेच.

पुढे लाव्हाझिएने सेगां या आपल्या सहकाऱ्यावरच प्रयोग केले. तो स्वस्थ बसला असता, जेवल्यावर आणि पायाने वजन उचलण्याचे श्रम करीत असता त्याला किती प्राणवायू लागतो, याची मोजणी झाली. श्रम करताना प्राणवायूचा खर्च कितीतरी वाढतो असे आढळून आले. १७८९ साली या दोघांनी आपला निबंध मांडला. त्या निबंधात आकड्यांबरोबर एक प्रश्नही होता. हाताच्या कष्टांवर जगणारा गरीब मनुष्य आपल्या शरीरातील ऐवज सर्वांत अधिक जाळतो आणि बसून राहणाऱ्या श्रीमंताला त्याची भरपाई करण्याची गरज कमी असते. असे असूनही अन्नाची विपुलता गरिबाच्या वाट्याला का येऊ नये, असा तो प्रश्न होता. श्रमाचे मोजमाप जन्माला आले तेच या प्रश्नाला बरोबर घेऊन.

शरीराचा जमाखर्च खरोखरच जुळतो काय, याची अधिक कसून परीक्षा अमेरिकेत झाली. १८९० नंतरच्या दशकात वेस्लीयन विद्यापीठात ॲटवॉटर आणि रोझा या दोन शास्त्रज्ञांनी एक बंदिस्त खोली तयार केली. एक मनुष्य जेमतेम राहू शकेल एवढीच ती मोठी होती. माणूस त्या खोलीत कित्येक दिवस राही, तेथेच जेवी, झोपी आणि एका जागी बसविलेली सायकल चालवी. भिंतीच्या आत फिरविलेल्या नळ्यांतील पाणी किती तापले यावरून त्याच्या शरीरातून बाहेर पडलेली उष्णता मोजली जाई. खाल्लेल्या अन्नातील उष्मांक आणि बाहेर पडलेले उष्मांक यांचा मेळ अगदी जवळचा बसला. व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणे शरीराच्या वहीतही जमा आणि खर्च यांचा मेळ लागतो. पोटात जाणारे अन्न ही जमा. हालचाल आणि उष्णता हा खर्च. जमा कमी पडली, तर शरीर आपल्या साठ्यातून, म्हणजे चरबीतून आणि अखेरीस स्नायूंतूनही, उचल करते. जमा वाढली, तर ती चरबीच्या रूपाने शिल्लक पडते.

खर्चाची पहिली बाब मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. मनुष्य स्वस्थ पडून असला, तरी त्याचे हृदय चालू असते, फुप्फुसे चालू असतात, मेंदू जागा असतो आणि शरीर उबदार ठेवावे लागते. यासाठी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोग्रॅममागे दर तासाला सुमारे एक उष्मांक लागतो. ५५ किलोग्रॅम वजनाच्या माणसाचे दिवसभरात काहीही न करता सुमारे १,३०० उष्मांक खर्च होतात. घरी चूल पेटली नाही, तरी देव्हाऱ्यातला नंदादीप तेल पीतच असतो. तसाच हा प्रकार आहे.

श्रमांमुळे हा खर्च किती वाढतो? प्रत्येक वेळी माणसाला खोलीत कोंडून ही मोजणी करणे शक्य नसते. परंतु एक लिटर प्राणवायू शरीरात वापरला गेला, की सुमारे पाच उष्मांक मोकळे होतात, हे प्रमाण ठाऊक झाल्यावर काम सोपे झाले. १९११ साली इंग्लंडमधील डग्लस या शरीरशास्त्रज्ञाने पाठीवर बांधता येईल अशी एक पिशवी प्रचारात आणली. मनुष्य चालत असता किंवा काम करीत असता त्याचा उच्छ्वास त्या पिशवीत साठवावयाचा आणि नंतर त्यातील प्राणवायू मोजावयाचा. अशा मोजण्यांतून नाना प्रकारच्या कामांचे कोष्टक तयार झाले. स्वस्थ बसण्याचा खर्च एक पट धरला, तर झपाझप चालण्यास सुमारे चारपट, मध्यम वेगाने पळण्यास सुमारे आठपट आणि विसावा घेत घेत माती खणण्यास पाच ते सहापट खर्च येतो.

हे कोष्टक हाती असले, म्हणजे कोणासही हिशेब मांडता येतो. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य एक तास झपाझप चालला, तर ६० ला ४ ने गुणून २४० उष्मांक खर्च झाले. परंतु येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. तो मनुष्य तो तासभर घरी बसून राहिला असता, तरी त्याचे ६० उष्मांक खर्च झालेच असते. म्हणून चालण्यापायी झालेला जादा खर्च १८० उष्मांकांचा, म्हणजे एका भाकरीपेक्षाही थोडा कमीच. व्यायामाचा हिशेब सांगताना पुष्कळदा ही वजाबाकी करावयाची राहून जाते आणि खर्च उगाच फुगलेला दिसतो.

आता राळेगणसिद्धीच्या उतारावर येऊ. समजा, ५५ किलोग्रॅम वजनाच्या एका माणसाने एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा खड्डा खणला, माती वर काढून टाकली आणि या कामास त्याला तीन तास लागले. कोष्टकाप्रमाणे त्याचा खर्च सुमारे ९०० उष्मांक झाला. त्यातून स्वस्थ बसण्याचे १६५ उष्मांक वजा केले, तर सुमारे ७४० उष्मांक उरतात. ही झाली शरीराची बाजू.

खड्ड्याची बाजू पाहिली, तर मात्र नवल वाटते. उष्णता आणि काम ही एकाच शक्तीची दोन रूपे आहेत, हे जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात प्रयोगांनी सिद्ध केले. त्या हिशेबाने एक उष्मांक म्हणजे सुमारे ४२७ किलोग्रॅम वजन एक मीटर उंच उचलण्याचे काम होय. खड्ड्यातून दीड हजार किलोग्रॅम माती निघाली आणि ती सरासरीने एक मीटर वर उचलली गेली, असे धरले, तर ते काम फक्त साडेतीन उष्मांकांचे होते. एक ग्रॅम साखरेत याहून अधिक, म्हणजे सुमारे चार उष्मांक असतात. चिमूटभर साखरेची शक्ती जर खड्डाभर माती वर काढू शकते, तर खणणाऱ्याचे ७४० उष्मांक गेले कोठे?

ते कोठे गेले हे त्या माणसाकडे नीट पाहिले, म्हणजे कळते. तो नुसती माती उचलत नाही. प्रत्येक घावासाठी तो कुदळ डोक्यावर नेतो आणि घट्ट बसलेली जमीन फोडतो. फावडे भरण्यासाठी वाकतो आणि मातीबरोबर स्वतःचे अर्धे शरीरही दर वेळी वर उचलतो. भरलेले घमेले हातात घेऊन तो क्षणभर स्थिर उभा राहिला, तर पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्याने काहीच काम केले नाही. परंतु त्याचे ताणलेले स्नायू त्या वेळीही अन्न जाळीतच असतात. शिवाय स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. जळलेल्या अन्नाचा जेमतेम चौथा किंवा पाचवा हिस्सा ते हालचालीला देतात. उरलेला सारा हिस्सा उष्णतेच्या रूपाने निघून जातो. म्हणून कष्ट करणाऱ्याचे अंग तापते. माणसाच्या श्रमाची किंमत केवळ त्याने हलविलेल्या मातीवरून ठरविली, तर तो हिशेब खड्ड्याचा होतो, माणसाचा होत नाही.

तापलेले अंग थंड राखण्यासाठी शरीर घाम सोडते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळून गेला, तर तो आपल्याबरोबर सुमारे ५८० उष्मांक उष्णता घेऊन जातो. परंतु घाम हे श्रमाचे माप आहे, असे समजणे चुकीचे होय. तेच काम माघातल्या पहाटे केले, तर घाम थोडा येतो आणि वैशाखातल्या दुपारी केले, तर अंगरखा भिजून जातो. चराची लांबी मात्र तेवढीच राहते. जो घाम गेला ते पाणी आणि मीठ होते. ते पाणी पिऊन भरून काढावे लागते. जे उष्मांक गेले ते अन्न होते. ते भाकरीनेच भरून निघते. या दोन निरनिराळ्या वह्या आहेत.

अलीकडे मनगटावर बांधावयाची अशी घड्याळे निघाली आहेत, की ती माणसाने दिवसभरात किती उष्मांक खर्च केले ते आपण होऊन सांगतात. हे घड्याळ प्राणवायू मोजीत नाही. त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून ते नाडीचे ठोके मोजते, हाताच्या हालचालींवरून पावले मोजते आणि धारण करणाऱ्याचे वय, उंची व वजन लक्षात घेऊन खर्चाचा अंदाज बांधते. श्रम वाढले म्हणजे स्नायूंना अधिक प्राणवायू पोचविण्यासाठी नाडी जलद चालते, हे खरे. परंतु भीतीने, रागाने किंवा उन्हाच्या तापानेही ती जलद चालते. डोक्यावरचे घमेले दोन्ही हातांनी धरून चालणाऱ्या बाईचे हात हलत नाहीत. तेव्हा घड्याळाला तिची काही पावले दिसतच नाहीत. उलट एका जागी उभे राहून घण घालणाऱ्याचे हात हलतात आणि घड्याळ त्याला चालत असल्याचे समजू शकते. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अशा सात उपकरणांची परीक्षा घेण्यात आली. त्यांपैकी सहा उपकरणांनी नाडीचे ठोके चांगले मोजले. परंतु उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत सरस ठरलेले उपकरणही सरासरीने २७ टक्क्यांनी चुकले. अंदाजाला अंदाज म्हणून मान द्यावा. कालच्यापेक्षा आज चालणे अधिक झाले की कमी, एवढे सांगण्यास तो पुरेसा आहे. त्यावरून भाकरीचे तुकडे मोजू नयेत.

श्रमाच्या या मोजमापाची खरी गरज कोणाला असते? महाराष्ट्राने ती १९७२ च्या दुष्काळात अनुभवली. पिके बुडाली, हाताला काम उरले नाही आणि शासनाने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. रस्त्यांसाठी खडी फोडणे, तलावांसाठी माती वाहणे अशी ही कामे होती. त्या वेळी कामावरील माणसांना सुकडी नावाचा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला जाई. त्याची चव जुन्या माणसांच्या अजून स्मरणात आहे. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते देण्याची जबाबदारी त्या कायद्याने शासनावर टाकली. या कामांवर मजुरी बहुधा झालेल्या कामाच्या मापावरून दिली जाई. त्यामुळे अशक्त माणसाला तेवढ्याच श्रमांत कमी मजुरी मिळे, कमी मजुरीत कमी अन्न येई आणि कमी अन्नामुळे तो अधिकच अशक्त होई. हे दुष्टचक्र खड्ड्याच्या मापात दिसत नाही. ते उष्मांकांच्या वहीत दिसते.

किती अन्न पुरेसे म्हणावे, याचे कोष्टक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी तयार केले आहे. २०२० सालच्या कोष्टकाप्रमाणे ६५ किलोग्रॅम वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसास सुमारे २,११० उष्मांक लागतात आणि तेवढ्याच वजनाच्या, जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला ३,४७० उष्मांक लागतात. ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० असे आहेत. बैठ्या आणि कष्टकरी पुरुषांतील फरक १,३६० उष्मांकांचा, म्हणजे जवळजवळ सात भाकरींचा झाला. कष्टकऱ्याच्या शिदोरीतील भाकरींची चवड पाहून कोणी हसत असेल, तर त्याला हा हिशेब ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल.

वाढत्या वयाच्या मुलामुलींचा हिशेब तर आणखी निराळा आहे. त्यांना खेळण्यासाठी आणि शिकण्यासाठी शक्ती हवी असते, त्याचप्रमाणे हाडे, स्नायू आणि रक्त वाढविण्यासाठीही हवी असते. किलोग्रॅममागे त्यांचा स्वस्थ बसण्याचा खर्चही मोठ्या माणसांपेक्षा अधिक असतो. त्याच कोष्टकात दहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी २,२२० आणि मुलीसाठी २,०६० उष्मांक सांगितले आहेत. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषापेक्षा अकरा वर्षांच्या मुलाला अधिक अन्न लागते! खेळून आलेल्या मुलाने किती उष्मांक जळले हे पाहून जेवण कमी करणे म्हणजे उगवत्या रोपाचे पाणी तोडणे होय. व्यायाम करावयाचा तो हृदय बळकट व्हावे, छाती भरावी, अंगात चपळाई यावी आणि मन प्रसन्न राहावे म्हणून. खर्च झालेले उष्मांक ही त्या खटाटोपातील एक नोंद आहे. ते त्याचे ध्येय नव्हे.

जमाखर्चाची ही दृष्टी दुष्काळी गावांना पाण्याच्या बाबतीत उपयोगी पडली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यास किती लागेल आणि उरलेल्यावर कोणते पीक घेता येईल, हे त्यावरून ठरते. राळेगणसिद्धीने उसासारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना मनाई केली, तीही याच समजुतीने. आहे किती आणि लागते किती, हे ज्याने जाणले, त्याची विहीर लवकर आटत नाही. शरीराच्या बाबतीतही हेच खरे आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. श्रमदान करणाऱ्याने दिले ते अन्नच. शेतात पिकलेली, चुलीवर भाजलेली आणि त्याच्या रक्तात मिसळलेली भाकरी त्याने बांधावर घातली. हे दान वाया गेले काय, हेही हिशेबाने पाहता येईल. समजा, एका बाईला उन्हाळ्यात नव्हे, तर वर्षभर रोज एक तास पाण्यासाठी पायपीट करावी लागत होती. ५० किलोग्रॅम वजनाच्या बाईचा त्यापायी रोजचा जादा खर्च सुमारे १५० उष्मांक, म्हणजे वर्षाचा सुमारे ५५,००० उष्मांक होतो. एवढ्या शक्तीत तसे ७४ खड्डे खणून होतील. विहिरीला पाणी आले आणि ही पायपीट थांबली, तर चरांत एकदा घातलेले श्रम घरोघरीच्या स्त्रियांचे तेवढे श्रम दरवर्षी वाचवितात. बांध घालणाऱ्यांची नावे कोठे लिहून ठेवलेली नसतील आणि त्यांनी किती उष्मांक खर्चिले हे कोणी मोजलेही नसेल. तथापि पावसाळा सरल्यावर त्या बांधामागे जे पाणी उभे राहते आणि हळूहळू जमिनीत मुरते, ते त्यांच्याच खात्यावर जमा आहे.